नंदाबाईचा एकविसावा दिवस

मंडईच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवता येत नाही. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. हे माझ्या धाकट्याला, हेमेंद्रला, चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर देवरीच्या केवलरामला त्याने नेमका आमच्या दवनीवाड्याच्या मंडईचा दिवस सांगितला. हेमेंद्र गोंदियात तांदळाचा व्यापार करतो. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या वेळी बोलवायचं हे तो आईच्या पोटातूनच शिकून आला, आणि ती आई मी आहे.

चार वाजता गाडी दाराशी लागली. आधी केवलराम उतरला, मागून त्याचा मुलगा हिमांशू. दोघांच्या हातात शिंगाड्यांच्या पिशव्या.

"राम राम, इहीनबाई," केवलराम म्हणाला, विहिणीला म्हणतात तसं.

"राम राम. पन इहीन अजून झाली नाही मी," मी म्हटलं. "शिंगाडे ठेवा तिकडं, आन बसा."

तो हसला. हसणारा माणूस आहे. देवरीला रस्त्याला लागून राइस मिल, घरी दोन गाड्या, एक मुलगा. अशा माणसाला हसायला काय जातं.

"साडेसातनंतर होऊन जाशील इहीन," हेमेंद्र म्हणाला. मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मंडईच्या दिवशी घरात पंधरा माणसं येऊन जातात, आणि कोणाच्या ताटात काय पडलं यावर नजर ठेवायची मला खोड आहे. मुलाच्या तोंडाकडे पाहायचं राहून गेलं.

साडेसातला काय होतं, ते सांगायला दसऱ्यापर्यंत मागे जावं लागेल.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि हेमेंद्रने देवरीचं स्थळ काढलं. मुलगी म्हणजे माझ्या थोरल्याची, गजेंद्रची, रुचिका. बी.एस्सी. झालेली. तिला तलाठ्याची परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी वर्षभर नागपूरला राहून अभ्यास करायचा होता. हेमेंद्र म्हणत होता, असं घर पुन्हा चालून यायचं नाही. रुचिका म्हणत होती, मग चालून येऊ नये. गजेंद्र काहीच म्हणत नव्हता. यांचे बाबा, चैतराम, गेल्यापासून गजेंद्र धानाशी बोलतो; माणसांशी बोलायचं काम त्याने माझ्यावर टाकलेलं आहे. त्याची बायको शामकला आतून भांडी जरा जोरात ठेवत होती. त्याचा अर्थ मी लावला नाही.

आणि समोर टीव्हीवर 'गादी' सुरू होती. मी दुसरी शिकलेली बाई, पण तो कार्यक्रम मला आवडतो. एक जण गादीवर बसलेला असतो. रविवार सोडून रोज एक नवा माणूस समोर येतो, दोघांना सवाल विचारतात, हरेल तो घरी जातो. त्या दिवशी गादीवर मुंबईचा एक इंजिनीअर होता, चार दिवसांपासून टिकलेला. समोर आली सोलापूरकडची नंदाबाई. ब्लाउज शिवणारी, सुती लुगड्यातली, पन्नाशीची बाई. दिवसभर मशिनीजवळ रेडिओ लावून ठेवते, म्हणाली, आणि जे कानावर पडतं ते जात नाही. तिने त्या इंजिनीअरला असं सरळ उठवलं, जसं आपण बाजेवरून मांजर उठवतो.

मला ते ऐकायचं होतं आणि माझ्या घरची दोन तोंडं आणि शामकलाची भांडी एकाच वेळी सुरू होती. मी म्हटलं, "चूप बसा सारे. जोवर हे बाई गादीवर हाय, तोवर या घरात लग्नाची गोष्ट निघनार नाही. ज्या दिवशी उतरल, त्या दिवशी मी सोता देवरीले हो म्हनीन. झालं समाधान?"

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दोन दिवसांचा मामला आहे. म्हणजे मनातून मी हो म्हणूनच मोकळी झाले होते.

आणि माझा शब्द म्हणजे शब्द. चैतराम गेल्यावर चुलत दीर हिरालाल यांना मी बांधावरचं मोहाचं झाड देते म्हणाले होते. नंतर मोजणी झाली, झाड आमच्याच हद्दीत निघालं. तरी दिलं. आजही हिरालालची नातवंडं त्या झाडाखाली मोह वेचतात आणि मी बांधावर उभी राहून पाहते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. धुरपता बोलली म्हणजे झालं.

पण नंदाबाई उतरेना. पाच दिवस झाले, आठ झाले. सवाल विचारला की ती अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायची, कापडाचा पोत पाहावा तसं, आणि मग उत्तर द्यायची. समोरचा प्रोफेसर असो की वकील, तिचं बोट थांबलं की त्याचं काम झालं. रुचिका माझ्या दिवाणाला टेकून खाली बसायची, मांडीवर वही. प्रत्येक सवाल लिहून घ्यायची. बारा दिवस झाले तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचं दूध सात वाजायच्या आत निघू लागलं. गजेंद्र चौकटीला पाठ लावून उभा राहू लागला. शामकला कणीक मळत मळत दारात यायची. हेमेंद्र गोंदियाहून रोज सव्वाआठला फोन करायचा, "माय, उतरली का वो?" आणि मी म्हणायचे, "नाही उतरली. तुले काऊन घाई सुटली?"

पंधराव्या दिवशी देवापुढे दिवा लावताना मी तिचं नाव घेतलं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

काल विसावा दिवस होता. काल हेमेंद्रचा फोन आलाच नाही.

*

चुलीजवळ काय झालं ते मला नंतर कळलं, पण सांगते इथेच.

शामकला उडदाचे वडे तळायला बसली होती. कढईतला पहिला वडा माझा असतो. मी चव पाहिली, मीठ बरोबर आहे म्हटलं, आणि पाहुण्यांकडे आले. मी गेल्यावर रुचिका तिच्याजवळ बसली.

"माय, आज हारली तं?"

"आज काऊन हारल? वीस दिस नाही हारली."

"काकाजी दुपारपासून हासून राहिले. मले म्हनाले, चांगली साडी नेस, पाहुन्यासंग फोटो काढू."

शामकलाने झारा कढईच्या काठावर ठेवला. "नागपूरचा फारम कोठं हाय?"

"तांदळाच्या ड्रममंधी. पिशवीत गुंडाळून."

"आखरी तारीख?"

"सोमवार. पालकाची सही लागते, होस्टेललेही आन अभ्यासिकेलेही."

"मंग राहू दे तिथंच," शामकला म्हणाली, आणि पुन्हा वडे थापू लागली. रुचिकाला वाटलं, आईनेही सोडून दिलं. पण शामकलाच्या मनात दुसरंच चाललं होतं. चोवीस वर्षांपूर्वीचा एक कागद तिला आठवत होता, तिरोड्याहून आलेला. बारावी झाल्यावर तिने डी.एड.ला अर्ज केला होता आणि नंबर लागला तेव्हा ती आमच्या घरात सहा महिन्यांची सून होती. तो कागद माझ्या हातात आला होता. "घरात मास्तरीन कायले पाहिजे," असं मी म्हणाले होते, आणि कागद कुठे गेला ते मी कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. शामकलाने या घरात पाहुण्यांसमोर सवाल असा कधी विचारलाच नव्हता. मी ती गोष्ट लोकांना कौतुकाने सांगत असे.

*

पाचाच्या सुमारास गजेंद्रने पाहुण्यांना मंडई दाखवायला नेलं. केवलराम आणि हेमेंद्र पुढे, पाळण्यांकडे. हिमांशू मागे गजेंद्रसोबत राहिला. उसाच्या गाड्यांपलीकडे आमचं शेत लागतं. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी अजून उभा होता. गजेंद्र बांधावर थांबला आणि बोट केलं.

उभ्या धानात दोन माना वर आल्या होत्या. लाल डोकी, खाली राखाडी अंग.

"सारस," गजेंद्र म्हणाला. "जोडी हाय. दरसाल येते."

"धान तुडवत नाही का?"

"तुडवते. तुडवू दे."

हिमांशू थोडा वेळ पाहत राहिला. सरळ मुलगा आहे. बापासारखा हसत नाही. मग तो म्हणाला, "काकाजी, तुमाले काय वाटते? रुचिकाबद्दल."

"मले?" गजेंद्रने मागे वळून पाहिलं, जसं काही मागे आणखी कोणी उभं आहे. हा सवाल त्याला कोणी विचारला नव्हता. मीही नाही. "मले वाटते," तो म्हणाला, "ते रातभर वाचत बसते, अन मले लाइट बंद कर म्हनावंसं वाटत नाही."

एवढं बोलून तो उसाच्या गाडीकडे गेला आणि पाच ऊस घेतले, एकाची गरज असताना. हिमांशूच्या खिशात मोबाइल होता आणि त्या मोबाइलमध्ये एक गोष्ट होती. ती तेव्हाच सांगावी असं त्याला वाटलं होतं, असं तो नंतर म्हणाला. पण समोर बाप चालत होता, हेमेंद्र चालत होता, आणि पाळण्याचा भोंगा वाजत होता.

*

साडेसातला सगळे माझ्या खोलीत. मी दिवाणावर, तिथे दुसरं कोणी बसत नाही. केवलराम आणि हेमेंद्र खुर्च्यांवर, हिमांशू वेताच्या मोढ्यावर. रुचिका माझ्या पायाशी, वही घेऊन. साडी नेसली नव्हती, रोजचाच ड्रेस. गजेंद्र चौकटीला. शामकला त्याच्या मागे, हाताला पीठ.

नंदाबाईच्या समोर आज कोणी बँकेतला माणूस होता. जाड चष्मा, बोलायला गोड. सुरुवातीपासून बरोबरीने चालला. राजे झाले, नद्या झाल्या, कोणत्या देशाची राजधानी कोणती ते झालं. नंदाबाईचं बोट थांबायचं, उत्तर यायचं. त्याचंही यायचं.

"बँकवाला जबरदस्त है," हेमेंद्र म्हणाला.

"तुमी चूप बसा, काकाजी," रुचिका म्हणाली. एरवी मी तिला दटावलं असतं.

शेवटचा सवाल आला. दोघांची बरोबरी. जो आधी बटण दाबेल त्याने उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर गादी त्याची, चुकलं तर समोरच्याची. कार्यक्रमवाल्या बाईने विचारलं, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच पक्षी कोणता? खाली चार नावं आली. रुचिकाने मला वाचून दाखवली: माळढोक, सारस, रोहित, करकोचा.

आमच्या घरात काय झालं म्हणून सांगू. गजेंद्र म्हणाला, "सारस." शामकला म्हणाली, "सारस." केवलराम म्हणाला, "अरे, ये तो अपना सारस है." मीही तेच म्हणाले. रुचिकाने लिहूनही टाकलं. ज्या घरातल्या माणसांचं एका गोष्टीवर कधी एकमत होत नाही, ते घर एका तोंडाने बोललं. आणि तिकडे नंदाबाईने बटण दाबलं. पहिल्यांदा तिने दाबलं. तिचा अंगठा बोटावर फिरू लागला.

"झालं," मी म्हटलं. "बाविसाव्या दिवसाची तयारी करा."

आणि लाइट गेली.

मंडईत दोन मोठे पाळणे होते, नाटकाचा मांडव होता, दुकानादुकानात माळा होत्या. भार पडला असणार. टीव्ही गेला, पंखा गेला, बाहेरचा भोंगाही गेला. अंधारात आम्ही सगळे सारसासारख्या माना वर करून बसलेले.

"येईल पाच मिनिटांत," गजेंद्र म्हणाला.

"आली काय, नाही आली काय," हेमेंद्र अंधारातून बोलला. त्याच्या आवाजात हसू होतं. "काई फरक नाही पडत. माळढोक म्हनाली ते. उतरली. माय, आता तुझा शबद."

रुचिकाच्या हातातली वही मिटल्याचा आवाज आला. मी तोंड उघडणार, इतक्यात चौकटीकडून शामकलाचा आवाज आला. मऊ नव्हता, मोठाही नव्हता.

"भाऊजी, लाइट तं आत्ताच गेली. तिनं तोंड उघडलं नोतं. तुमाले कसं मालूम?"

चोवीस वर्षांत पहिला सवाल. अंधारात ती कशी दिसत होती ते मला पाहता आलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

"अंदाज," हेमेंद्र म्हणाला.

"चारातून एकाचं नाव घेऊन अंदाज?"

"वहिनी, तुमी वडे पाहा."

"वडे झाले. मी सवाल विचारून राहिली."

तेव्हा मोढा सरकल्याचा आवाज आला. हिमांशू उभा राहिला. त्याच्या हातातला मोबाइल उजळला आणि त्याचं तोंड खालून दिसलं.

"आजी," तो म्हणाला, "जो पैसे भरते त्याले हा कार्यक्रम मोबाइलवर दुपारीच दिसते. हेमेंद्र काकाजीनं कालच पैसे भरले, आज बारा वाजता पायला. मलेही पाठवला. म्हनाले, आज पक्कं होते, खुशीत या. मी पायला. मले सांगाले पाहिजे होतं. चारपासून सांगीन सांगीन म्हनून राहिलो."

"क्या बात करता है?" केवलराम म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हेमेंद्र, तू मेरे को बोला शुभ दिन है, मंडई है, चलो. ये क्या लफडा है? इहीनबाई, देवाशपथ, मले नाही मालूम."

"लफडा कसला?" हेमेंद्र उठला. "मी काय तिले हारवलं? आधी पायली काय, मागून पायली काय, हारली तं हारली. शबद मायचा हाय. गाव जाणते. माय, बोल आता."

आणि यात खोटं काहीच नव्हतं. लबाडी त्याची, पण शब्द माझा. मला पळवाट समोर दिसत होती: तू फसवलंस, म्हणून माझा शब्द गेला. सगळ्यांनी मान डोलावली असती. केवलरामनेसुद्धा. माझा शब्द शाबूत राहिला असता आणि दोष हेमेंद्रच्या डोक्यावर गेला असता. मी तेच बोलायला तोंड उघडलं होतं.

पण आधी मी म्हटलं, "दाखव मले. कशी हारली ते."

हिमांशूने मोबाइल माझ्या हातात दिला. सगळे दिवाणाभोवती आले. शामकलाची पिठाची बोटं माझ्या खांद्यावर होती; तिने कधी ठेवली ते कळलं नाही. छोट्याशा काचेत नंदाबाई बसली होती. अंगठा बोटावर फिरत होता. थांबला. "माळढोक," ती म्हणाली, अगदी खात्रीने, जशी वीस दिवस म्हणत आली होती.

चूक, असा लाल दिवा लागला. बँकेतल्या माणसाने तोंडावर हात घेतला. विचारणारी बाई म्हणाली, अरेरे नंदाताई, सवाल अवघड होता, घाई झाली का, थकला असाल. तिला वाट करून देत होती.

नंदाबाईने मान हलवली. "नाही ताई," ती म्हणाली. "घाई नाही अन् थकवाबी नाही. आमच्याकडं माळरानावर माळढोकच मोठा. मला वाटलं, आपल्याकडं जो मोठा, तोच जगात मोठा असणार. चुकलं माझं."

लोक टाळ्या वाजवत होते. ती उठली. जाता जाता वळली, आणि जिथे बसली होती तिथली सुरकुती हाताने साफ केली, दुसऱ्याला बसायला. मग गेली. मान तशीच सरळ.

मी म्हटलं, "पुन्हा दाखव."

त्याने पुन्हा दाखवलं.

दोनदा पाहिल्यावर मी मोबाइल परत दिला. तेवढ्या वेळात लाइट आली. डोळे दिपले सगळ्यांचे. टीव्हीवर साबणाची जाहिरात सुरू होती.

"केवलरामभाऊ," मी म्हटलं, "मी शब्द देल्ला होता. तो मी मोडून राहिली."

"माय," हेमेंद्र म्हणाला.

"तू चूप. तुझ्या लबाडीसाठी नाही मोडून राहिली. तुझं मी अलग पाहीन, गोंदियाले येऊन, तुझ्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर." केवलरामकडे पाहून मी पुढे बोलले. "माझ्या घरची पोट्टी मी कोन्या दुसऱ्या बाईच्या हारजितीवर टांगून ठेवली. एकवीस दिस ते रोज साडेसातले जीव मुठीत घेऊन बसली, आन मी मजेनं पाहत बसली. तो हक मले नोता. माझं चुकलं."

हे दोन शब्द मी आधी कधी म्हटले असतील तर मला आठवत नाहीत. मोहाच्या झाडाच्या वेळीही नाही. वाटलं होतं, छत खाली येईल. छत होतं तिथेच होतं. फक्त गजेंद्र चौकट सोडून खोलीत आला होता.

मग मी शामकलाकडे पाहिलं. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. "आन हे पयल्यांदा नाही चुकलं," मी म्हटलं. बाकीच्यांना कळलं नसेल. तिला कळलं. तिने पदराने कपाळ पुसलं, जिथे पीठ नव्हतं तिथेही पुसलं.

केवलरामने दारातल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. मिलवाला माणूस, मानापमान त्यालाही आहे. मला वाटलं, उठेल. शेवटी त्याने मुलाकडे मान वळवली. "तेरे को मालूम था और तू मेरे को भी नहीं बोला."

"तुमाले बोललो असतो तं तुमी आले असते का, बाबा?"

"नहीं आता." मग तो हसला, थोडा वाकडा, पण हसला. "फिर वडे कैसे खाता. वडे तं भेटतीन ना, इहीनबाई?"

"बाई म्हना," मी म्हटलं. "वडे भेटतीन. मंडईचा पाहुना हाय तुमी."

हिमांशू अजून उभाच होता. "आजी, मी एक साल थांबतो म्हटलं तं?"

"मले कायले विचारतोस? आत्ताच मी काय बोलली? तिले विचार."

रुचिका वही उघडून बसली होती. सारसवर गोल काढत होती. तिने वर पाहिलं. "परीक्षा झाल्यावर विचारा," ती म्हणाली. "हो म्हनीनच असं नाही."

"बरं," हिमांशू म्हणाला.

"आन आज सांगाले चार घंटे उशीर केला तुमी. तेही लक्षात ठेवीन."

"बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि कान लाल करून बसला. मला तो तेव्हा थोडा आवडला, पण बोलून दाखवलं नाही.

मी म्हटलं, "फारम आना. कोठं लपवून ठेवला असाल तो. पेन आना. मी सही करीन." धुरपता ही चार अक्षरं मला येतात; वेळ लागतो, पण येतात. रुचिका उठायच्या आत गजेंद्र आत गेला. ड्रमचं झाकण वाजलं. तो पिशवी घेऊन आला, तांदूळ झटकत.

रुचिका पाहत राहिली. "बाबा, तुमाले मालूम होतं?"

"ड्रम मीच भरतो नं," गजेंद्र म्हणाला.

त्याने फॉर्म दिवाणाच्या कडेवर पसरला. मी पेनासाठी हात पुढे केला. त्याने पेन दिला नाही.

"पालकाची सही हाय, माय," तो म्हणाला. "बाप मी हाय."

माझा हात तसाच पुढे राहिला होता. मी तो मागे घेतला. गजेंद्र वाकून सही करू लागला, जीभ ओठात धरून, शाळेत करायचा तशीच. दोन ठिकाणी केली. तिसऱ्या ठिकाणी लागत नव्हती, तिथेही केली.

"दसऱ्यापासून कोठं होता गा हा बाप?" मी म्हटलं.

"दारात," गजेंद्र म्हणाला.

हेमेंद्र खुर्चीतून उठून मोबाइल पाहत अंगणात गेला होता. वडे वाढायला घेतले तेव्हा मीच त्याला हाक मारली. लबाड असला तरी मंडईच्या दिवशी घरचा माणूसही उपाशी राहत नाही. आला. ताटाकडे पाहत म्हणाला, "माय, दुकानात नोको येऊस. इथंच बोल काय बोलायचं ते." मी म्हटलं, "येईन. बुधवारी."

बाहेर भोंगा पुन्हा सुरू झाला होता. शामकलाने नवा घाणा काढला. मी जेवायला म्हणून दिवाणावरून उठले, आणि उठता उठता चादरीवरची सुरकुती हाताने साफ केली. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. मागे वळले तर शामकला परात घेऊन उभी होती. कढईतून काढलेला पहिला वडा तिने रुचिकाच्या ताटात वाढला, मग माझ्याकडे पाहिलं. मीठ बरोबर आहे का, ते रुचिकाने सांगितलं. मी चूप बसले.